जागा वाढली, गॅलरी गेली

गेल्या महिन्यात माझे फोटो जिथे असतात त्या सेवेने एका रात्रीत रूप पालटलं. नाव घेत नाही; आज ही, उद्या दुसरी. अल्बम तीन पडद्यांमागे गेले, मथळे दिसेनासे झाले आणि सगळ्यात वर ‘तुमच्यासाठी खास’ अशी माझ्याच फोटोंची फिरती चित्रफीत येऊन बसली. माहुलीच्या धो धो पावसातल्या फोटोंना तिने बारशाला शोभेल असं संगीत लावलं होतं. मथळे कुठे गेले म्हणून विचारणा केली, तर नवा अनुभव कसा वाटला ते तारे देऊन कळवा, असं यांत्रिक उत्तर आलं. म्हणजे आता नवी जागा शोधणं आलं, आणि शोधायला बसलं की जुने हिशेब निघतातच. माझे सगळे हिशेब २० मे २०१३ या तारखेपाशी येऊन अडतात.

२००४च्या आधीचं सांगण्यासारखं फारसं नाही. फोटो ई-मेलला जोडायचे, नाहीतर सीडीवर भरून द्यायचे. अमेरिकेतले नातेवाईक ओफोटोचा दुवा पाठवायचे. २००१मध्ये कोडॅकने ती कंपनी घेतली होती, आणि तिथे फोटो पाहण्यापेक्षा त्यांच्या छापील प्रती मागवा असाच आग्रह जास्त असायचा.

फेब्रुवारी २००४मध्ये व्हँकूव्हरच्या लुडिकॉर्प नावाच्या छोट्या कंपनीने फ्लिकर सुरू केलं. स्ट्युअर्ट बटरफिल्ड आणि कॅटरिना फेक हे जोडपं खरं तर ‘गेम नेव्हरएंडिंग’ नावाचा ऑनलाइन खेळ तयार करत होतं. खेळ बारगळला आणि त्यासाठी केलेल्या खटपटीतून फोटोंचं हे दुकान उभं राहिलं. (बटरफिल्डचा पुढचा खेळही असाच बुडाला, आणि त्यातून स्लॅक निघालं. काहींचं अपयशही दिलदार असतं.) वर्षभरातच, मार्च २००५मध्ये, याहूने फ्लिकर विकत घेतलं.

तिथे काय वेगळं होतं, हे आजच्या पंचविशीतल्या माणसाला समजावणं जड जातं. जागा तर फार कमी होती. फुकट खात्यावर महिन्याला ठरावीक मेगाबाइट चढवता यायचे आणि शेवटचे २०० फोटोच लोकांना दिसायचे. जुने पुसले जात नसत, फक्त झाकले जात. सगळे दिसायला हवे असतील तर प्रो खातं, वर्षाला २४.९५ डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण अकराशे रुपये. पैशांपेक्षा ते भरायचे कसे हाच प्रश्न असे, कारण परदेशात चालेल असं क्रेडिट कार्ड आमच्यापैकी फार थोड्यांकडे होतं. मग न्यू जर्सीतला एखादा मावसभाऊ कामी यायचा. कुणालाही प्रो खातं भेट देण्याची सोय होती, आणि दिवाळीला बदाम-पिस्त्यांऐवजी हेच पाठव, असं सांगणारे लोक मला माहीत आहेत. फोटो चढवायचे रात्री. सरकारी ब्रॉडबँडच्या एका लोकप्रिय योजनेत रात्री दोन ते सकाळी आठपर्यंत वापर मोफत असे. रविवारचा ट्रेक करून, अंग आंबलेलं असताना गजर लावून दोनला उठायचं, फोटो लावून द्यायचे आणि पुन्हा झोपायचं. कुरकुर कुणी करत नसे.

कारण पलीकडे माणसं होती. फोटोखाली मथळा असे, मथळ्याखाली चार ओळींची हकीकत, बाजूला टॅग, आणि खाली परक्या माणसांनी खरोखर वाचून लिहिलेले अभिप्राय. सगळ्यात लाडकी सोय म्हणजे फोटोवरच चौकट काढून त्यात टीप लिहिता यायची. रतनगडावरून घेतलेल्या एखाद्या रुंद फोटोत क्षितिजावर चौकटींची रांग दिसायची: हा कळसूबाई, हा अलंग, हा मदन, हा कुलंग. मग नाशिकचा कुणीतरी येऊन मदनच्या चौकटीत लिहायचा की हा मदन नव्हे, नीट बघा. त्यावर ठाण्याचा कुणीतरी नकाशा घेऊन हजर. दोन दिवस वाद चालायचा आणि शेवटी त्या डोंगररांगेचं जे वाचन तयार व्हायचं ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

२००८च्या पावसाळ्यानंतर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी फुलली. तिथली कारवी आठ वर्षांतून एकदाच बहरते, एकदम सगळी फुलते, बी धरते आणि मरून जाते. त्या वर्षीच्या फोटोंखाली लोक काय काय लिहीत होते! कुणी शास्त्रीय नाव द्यायचं, कुणी ते नाव बदललंय म्हणून सांगायचं, कुणी या झुडपाच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती आजोळी कशा सारवत ते लिहायचं, तर कुणी कारवीच्या मधाबद्दल. टॅगमध्ये देवनागरी कारवी, रोमनमधली तिची दोन-तीन स्पेलिंगं आणि लॅटिन नाव, सगळं शेजारी शेजारी. कुठल्याही एका नावाने शोधा, त्या रानात पोचायचातच.

तरी तिथे सगळं आलबेल होतं असं नाही. २००७मध्ये जुन्या मंडळींना याहूचं खातं काढणं सक्तीचं झालं तेव्हा बोंबाबोंब झाली. २००८मध्ये दीड मिनिटाचा व्हिडिओ चालू झाला तेव्हाही हजारो लोक विरोधात उभे राहिले. मला दोन्ही वेळी ती आदळआपट अवाजवी वाटली होती, आजही वाटते. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने आपले जुने फोटो ‘द कॉमन्स’ या दालनात मांडले आणि जगभरचे लोक त्यातली ठिकाणं नि माणसं ओळखून द्यायला लागले. ते काम व्हिडिओच्या भांडणापेक्षा कितीतरी मोठं होतं. संस्थापक जोडपंही २००८मध्येच बाहेर पडलं.

त्यानंतर मालकाचं लक्ष उडालं. २०१०मध्ये इन्स्टाग्राम आलं. २०११मध्ये खुद्द फ्लिकरवर सर्वाधिक वापरला जाणारा कॅमेरा निकॉनचा किंवा कॅननचा उरला नाही, तो आयफोन झाला. आकडे त्यांच्याच घरात होते, तरी फोनवरचं अॅप रडतखडत चाललेलं. २०१२च्या एप्रिलमध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम एक अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं, आणि याहूला आपल्या फडताळातला जुना ऐवज आठवला.

२० मे २०१३. याहूच्या प्रमुख मारिसा मेयर यांनी न्यूयॉर्कमध्ये नवं फ्लिकर दाखवलं. त्याच दिवशी एक अब्ज दहा कोटी डॉलरला टम्बलर घेतल्याचंही जाहीर झालं होतं, त्यामुळे आनंदीआनंद होता. प्रत्येकाला फुकट एक टेराबाइट जागा, म्हणजे त्यांच्याच हिशेबाने पाच लाखांवर फोटो. पानावर फोटो कडेला कडा लावून दाटीवाटीने बसवलेले. मथळा बघायचा तर प्रत्येक फोटोवर माउस नेऊन धरायचा. खाली सरकत राहा, पान संपतच नाही. पुढच्या वर्षी फोटोचं स्वतंत्र पानही बदललं आणि त्या चौकटीतल्या टिपा काही काळ बेपत्ता झाल्या.

आपल्याकडे चाळीचा पुनर्विकास होतो तसं हे झालं. चटईक्षेत्र वाढवून मिळतं, स्नानघर घरात येतं, लिफ्ट येते, आणि जिच्यावर सगळं आयुष्य चालायचं ती सामाईक गॅलरी नकाशातून गायब होते. तक्रार करणाऱ्याला सांगतात, अहो, तुमची जागा दुप्पट झाली. खोटं नसतं ते.

प्रो खात्याचं काय, असं त्या समारंभात विचारल्यावर मेयरबाईंनी जे सांगितलं त्याचा अर्थ असा की आता सगळेच फोटो काढतात, व्यावसायिक छायाचित्रकार असं काही उरलेलंच नाही. नंतर त्यांनी चुकीचं बोलल्याचं मान्य करून दिलगिरी व्यक्त केली. मला ते वाक्य तोंडून निसटलेलं वाटलं नाही. त्या आराखड्याचा गाभाच त्यात होता. वर्षाचे पंचवीस डॉलर देणारा माणूस त्यांना किरकोळ गिऱ्हाईक वाटत होता, आणि फुकट टेराबाइट भरणाऱ्यांच्या गर्दीत जाहिराती दाखवायच्या होत्या. जाहिराती नकोत तर वर्षाला पन्नास डॉलर.

त्या दिवसांत तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्या शहाण्यांनी आम्हा कुरकुरणाऱ्यांना एकच उत्तर दिलं: लोकांना बदल आवडत नाही, चार दिवसांत सवय होईल. हे वाक्य मी तेव्हापासून जपून ठेवलंय. सवय झाली नाही. निम्मे ओळखीचे लिहायचे थांबले. काही फ्रान्सच्या इपर्निटीकडे गेले, काही टोरंटोच्या ५००पीएक्सकडे, बाकीचे फेसबुकवर, जिथे फोटोचं आयुष्य दुपारच्या जेवणापर्यंत. २०१४च्या शेवटी फ्लिकरने क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याने वाटलेले लोकांचे फोटो भिंतीवर टांगायच्या छापील प्रती म्हणून विकायला काढले. परवान्यात बसत होतं, शोभत नव्हतं; महिनाभरात मागे घ्यावं लागलं. २०१५मध्ये यंत्र आपणहून टॅग लावू लागलं आणि दाखाउच्या छळछावणीच्या फोटोला त्याने मुलांच्या खेळण्याचा सांगाडा ठरवलं. त्यानंतर सवयीचं कुणी बोललं नाही.

आणि तो टेराबाइट? सहा वर्षंसुद्धा टिकला नाही. एप्रिल २०१८मध्ये स्मगमग या कौटुंबिक कंपनीने फ्लिकर घेतलं आणि नोव्हेंबरमध्ये फुकट खात्याला १००० फोटोंची मर्यादा जाहीर केली. वरचे पुढल्या वर्षी पुसले जाणार होते, फक्त क्रिएटिव्ह कॉमन्सचे वगळून. फुकट टेराबाइटमुळे नुसती साठवण करणारे आले आणि मूळ समाज बाजूला पडला, असं नव्या मालकांनीच स्पष्ट लिहिलं. २०१३मध्ये हेच म्हणणाऱ्यांना पुराणमतवादी म्हटलं गेलं होतं.

बाकीच्या फुकट जागांची गत वेगळी झाली नाही. मायबोली, मिसळपाव यांसारख्या संस्थळांवर त्या दशकात लिहिलेली प्रवासवर्णनं उघडून बघा. जागा कमी म्हणून लोक फोटो पिकासा, फोटोबकेट असे बाहेर ठेवून दुवे द्यायचे. फोटोबकेटने २०१७मध्ये बाहेरच्या पानांवर फोटो दाखवण्यासाठी वर्षाला सुमारे ४०० डॉलर मागितले. पिकासाचं वेब दालन २०१६मध्ये आटोपलं. ‘समोरचं दृश्य पाहून आम्ही थक्क झालो’ या वाक्याखाली आज बऱ्याच ठिकाणी रिकामा चौकोन असतो. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवणही १ जून २०२१ला संपली आणि १५ जीबीवर आली.

२०१६ला बोरिवलीची कारवी पुन्हा फुलली. फोटो २००८पेक्षा कित्येक पटींनी जास्त निघाले, बरेचसे सुंदर. खाली हृदयं आणि टाळ्या. कुडाच्या भिंतींबद्दल कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही. २०२४ला ती फुलली तेव्हा तर रीळच रीळ. मागे पावसाळी गाणं, पुढे फुलाला गाल लावलेला चेहरा.

तर नवी जागा. जागा किती देता, हा प्रश्न मी विचारणं सोडलंय. माझी चाचणी साधी आहे. फोटोच्या फायलीच्या आतच मथळा, वर्णन आणि खुणेचे शब्द लिहिता येतात. त्यासाठीची आयपीटीसी ही पद्धत वृत्तपत्रवाल्यांनी बसवलेली, फार जुनी आणि भरवशाची आहे. डिजीकॅमसारख्या फुकट साधनात देवनागरीही नीट लिहिता येते. असा एक फोटो चढवायचा, पुन्हा उतरवून घ्यायचा आणि ‘कारवी, कान्हेरी’ ही अक्षरं परत आली का ते बघायचं. समाजमाध्यमं इथेच गळतात. फोटो दाबून लहान करताना आतलं लेखन ती बहुधा खरवडून टाकतात. गूगल फोटोज मूळ फोटो परत देतं, पण तिथे बसून लिहिलेलं वर्णन वेगळ्या फायलीत बांधून देतं; त्या हजारो फायली फोटोंशी पुन्हा जुळवत बसायची तयारी हवी. इपर्निटीबद्दल मला आदर आहे. २०१७मध्ये ती बंद पडायला आली तेव्हा सभासदांनीच संस्था काढून ती चालवायला घेतली. पण तिथे सह्याद्रीतलं कुणी भेटत नाही, आणि अलंग-मदनवर भांडायला जर्मन आजोबांचा काय उपयोग.

शेवटी फ्लिकरवरच परत जातोय, पैसे भरून. २०१३च्या त्या रूपावरचा माझा राग गेलेला नाही. पण मथळा अजून फोटोखाली दिसतो, मूळ फाइल परत मिळते, आणि २०२२मध्ये निघालेलं फ्लिकर फाउंडेशन हा संग्रह १०० वर्षं टिकवायच्या गोष्टी करतंय. शंभराचं त्यांनी बघावं. मला पुढची कारवी गाठली तरी पुष्कळ.

ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेचे नियम कडक झाल्यामुळे परदेशी सेवांचे पैसे कार्डावरून आपोआप कापले जातीलच असं नाही. बहुतेकदा दरवर्षी हाताने भरावे लागतात. सगळे याला कटकट म्हणतात. मला बरं वाटतं. पैसे भरण्याआधी वर्षातून एकदा तरी आत जाऊन अल्बम जागेवर आहेत का ते बघून यायचं, नसतील तर भरायचे नाहीत.