लोणार : कपाशीच्या मुलखातलं विवर
बुलडाणा जिल्ह्यातल्या सोयाबीन-कपाशीच्या शिवारातून लोणारला पोचलं, की पायाखालची जमीन एकदम खोल उतरते. उल्कापातानं बेसाल्ट खडकात पडलेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. तळाशी खारं, अल्कधर्मी सरोवर. काठावरच्या गोमुखातून मात्र गोड्या पाण्याची धार अखंड पडते. इतक्या जवळ असं दोन स्वभावांचं पाणी पाहायला मिळणं हेच लोणारचं खरं नवल!

जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं. पाणी आटून खारेपणा वाढला आणि त्यात रंगद्रव्य असलेले क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावले. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

गावातलं दैत्यसूदन मंदिर घाईत उरकू नये. बाहेरच्या भिंती शिल्पांनी गच्च भरलेल्या आहेत. गाभाऱ्यात लवणासुराला पायाखाली दाबून विष्णू उभा आहे.

याच जिल्ह्यात सिंदखेडराजा, म्हणजे जिजाऊंचं माहेर. लखुजी जाधवांच्या राजवाड्याचं भव्य दगडी प्रवेशद्वार आजही उभं आहे. १२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीला, इथे राज्यभरातून लोक येतात. राजवाडा निवांत पाहायचा असेल, तर दुसरा एखादा दिवस निवडावा.