बरे झालेले मूल वर्गात परतते तेव्हा

समजा, सातवीतली एक मुलगी जवळजवळ वर्षभराने शाळेत परत आली आहे. गुडघ्याजवळच्या हाडाचा कर्करोग, शस्त्रक्रिया, रसायनोपचार हे सारे पार पडले. ती लंगडते हे सर्वांना दिसते, म्हणून खेळाच्या तासाला सूट मिळते. पण श्रुतलेखन घातले की तिच्या वहीत ‘सात’चे ‘आत’ होते. हाक मारली तर लगेच वळून पाहते, म्हणजे ऐकू तर येते. मग आपण म्हणतो, लक्ष नाही.

लक्ष असते. तिला दिलेल्या सिस्प्लॅटिन या औषधाने अंतःकर्णातील रोमपेशींना इजा केलेली असते. गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली जी नळी आपल्या कानात असते, तिच्या सुरुवातीच्या भागातील पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात आणि आधी त्याच जातात. माणसाच्या रोमपेशी पुन्हा उगवत नाहीत. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर खालच्या पट्टीतले, ते शाबूत राहतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची सळसळ हरवते. गोंगाटात अडचण वाढते, आणि आपण फळ्याकडे तोंड करून बोलू लागलो की ओठ पाहण्याचीही सोय उरत नाही.

तिला मिळालेले दुसरे औषध डॉक्सोरुबिसिन. मातीतल्या जिवाणूपासून मिळालेले हे लाल औषध हृदयाच्या स्नायूला बाधते. एकूण मात्रा महत्त्वाची: शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे २५० मिलिग्रॅमच्या पुढे धोका विशेष वाढतो, आणि हाडाच्या या कर्करोगात साधारण ४५० पर्यंत जावे लागते. हृदयाच्या स्नायुपेशी फारशा विभागत नाहीत. गेलेल्यांची जागा भरत नाही, शरीर मात्र वाढत राहते, आणि उरलेल्या पेशींवर वाढत्या देहाचा भार पडतो. म्हणून आज धडधाकट दिसणाऱ्या मुलाला दहा-वीस वर्षांनी दम लागू शकतो.

मग अशी औषधे द्यावीत कशाला? कारण ती नसतील तर मूल वाचणे कठीण. १९४७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना अमिनॉप्टेरिन दिले, तेव्हा आजार मागे हटला तो काही महिन्यांपुरताच. पुढे अमेरिकेतील मेंफिस येथे डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे एकत्र वापरली आणि मेंदूत दडणाऱ्या रोगपेशींसाठी डोक्याला किरणोपचार दिले. निम्मी मुले वाचू लागली. त्यांतली काही उंचीला कमी राहिली, काहींचा शिकण्याचा वेग मंदावला. पुढे बहुतेक मुलांसाठी हे किरण वगळून पाठीच्या कण्यातील द्रवात औषध सोडण्यावर भर दिला गेला.

हा हिशेब मांडता आला तो पाठपुराव्यामुळे. अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २००६ मध्ये दाखवले, की १९७० ते १९८६ या काळात कर्करोगाचे निदान झालेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना तीस वर्षांच्या आत काही ना काही जुनाट दुखणे जडते. आकडा घाबरवणारा आहे खरा, पण ते उपचार जुने होते. निदानानंतर पाच वर्षे जगलेल्यांपैकी पुढच्या पंधरा वर्षांत दगावणाऱ्यांचे प्रमाण, निदान १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतले असल्यास १२.४ टक्के होते. १९९० च्या दशकातले असल्यास ते ६ टक्क्यांवर आले.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग १९९१ मध्येच सुरू झाला. लहानपणी कर्करोगातून बरे झालेल्यांचा ‘उगम’ हा गट २००९ पासून आहे. तरीही घरोघरी आजार लपवला जातो, मुलीचा तर अधिकच. लग्नाची काळजी असते. आम्हांला ही भीती समजते. पण त्या लपवण्यात उपचारांचे कागदही ट्रंकेच्या तळाशी जातात.

पालक भेटायला आले की आपण एवढे विचारावे: औषधांची नावे, त्यांची एकूण मात्रा आणि किरण कुठे दिले, हे लिहिलेला रुग्णालयाचा एखादा कागद आहे का? नसेल तर तो मागून घ्यायला सांगावे. मुलगी शिकायला किंवा लग्न होऊन परगावी गेली तर तो तिच्याबरोबर जायला हवा. बाळंतपणाआधी तिच्या हृदयाची सोनोग्राफी का करायची, हे तिथल्या नव्या डॉक्टरांना त्या कागदावरूनच कळेल.