विंडोजवर युनिक्स परंपरेची साधने : फाइलमार्गांच्या विसंगतीचा प्रश्न

प्रस्तावना :
संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत बॅश, मेक, जीसीसी ही युनिक्स परंपरेतील साधने वापरली जातात. विद्यार्थ्याच्या घरच्या संगणकावर मात्र पुष्कळदा विंडोज असते. तेथे निर्दोष प्रोग्रामही अडतो आणि दोष विद्यार्थ्याच्या माथी येतो. वस्तुतः तो दोष अनेकदा फाइलमार्गात असतो. सदर लेखात या विसंगतीची कारणे व उपाय यांचे विवेचन केले आहे.

विसंगतीचे मूळ :
१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत आरंभ झालेल्या युनिक्समध्ये सर्व फाइली एकाच वृक्षात असतात. त्याचे मूळ '/' या तिरक्या रेघेने दर्शवितात व फोल्डरांची नावेही तीच रेघ वेगळी करते. १९८१ च्या एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते. केवळ 'ए:', 'बी:' अशी ड्राइव्हची अक्षरे होती आणि तिरकी रेघ आज्ञेचे पर्याय दर्शवीत असे. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा ही खूण आधीच गुंतलेली असल्याने '\' ही उलटी रेघ स्वीकारली गेली. विंडोजने हाच वारसा पुढे चालविला.

संघर्षाचे स्वरूप :
युनिक्सच्या शेलमध्ये उलटी रेघ पुढील चिन्हाचा विशेष अर्थ काढून घेते व स्वतः लुप्त होते. त्यामुळे अवतरणचिन्हांविना लिहिलेला 'सी:\काम\पाठ' हा मार्ग प्रोग्रामपर्यंत 'सी:कामपाठ' असा पोहोचतो. अपूर्णविरामाचेही तसेच आहे. युनिक्समध्ये तो शोधमार्गांच्या यादीतील नोंदी वेगळ्या करतो, तर मेकच्या नियमांत तो लक्ष्य व त्याची पूर्वसामग्री यांमध्ये येतो. म्हणून 'सी:' लिहिताच नियमाचा अर्थ बिघडतो.

सर्वांत धोकादायक चिन्ह म्हणजे मोकळी जागा. एखाद्या चलात 'प्रकल्प जुना' हे फोल्डरचे नाव असेल आणि पुसण्याच्या आज्ञेत ते चल अवतरणचिन्हांविना वापरले, तर शेल त्याची दोन नावे करतो. परिणामी 'प्रकल्प' नावाचे चालू कामाचे फोल्डर नष्ट होऊ शकते आणि जुने तसेच राहते.

उपलब्ध उपाय :
१९९५ मध्ये सिग्नस या कंपनीत आरंभ झालेले सिगविन विंडोजवर युनिक्सची कार्ये पुरविणारे ग्रंथालय देते. त्यात 'सी:' हा ड्राइव्ह '/सिगड्राइव्ह/सी' असा दिसतो. परंतु ही भाषा त्या ग्रंथालयाशी जोडलेल्या प्रोग्रामांनाच कळते. विंडोजसाठी बनविलेल्या जावा कंपायलरला ती अपरिचित असते. अशा ठिकाणी सिगविनमधील 'सिगपाथ' ही आज्ञा मार्गाचे रूपांतर करते. एमसिस हे साधन विंडोजचा प्रोग्राम सुरू करताना असे रूपांतर आपणहून करते. मात्र तो अंदाज असल्याने '/' ने सुरू होणारा पर्यायही कधी मार्ग समजला जातो. २०१६ मध्ये आलेल्या विंडोजच्या लिनक्स उपप्रणालीत तोच ड्राइव्ह '/एमएनटी/सी' येथे असतो. फाइलनावे देवनागरीत असल्यास सिगविनची आवृत्तीही पाहावी. २००९ मधील १.७ या आवृत्तीपूर्वी अशी नावे हाताळता येत नसत.

समारोप :
फाइलमार्ग हा निव्वळ मजकूर नव्हे; तो कोणता प्रोग्राम वाचतो, यावर त्याचा अर्थ ठरतो. सबब प्रकल्पांतर्गत मार्ग सापेक्ष असावेत व ते '/' वापरून लिहावेत. विंडोजची बहुतेक अंतर्गत कार्येही ही रेघ स्वीकारतात. चले अवतरणचिन्हांत ठेवावीत. फोल्डरच्या नावात मोकळी जागा टाळावी. रूपांतर अनिवार्य असेल, तर ते दोन व्यवस्थांच्या सीमेवर, एकदाच करावे. विद्यार्थ्याचा प्रोग्राम चालत नाही म्हणून गुण कापण्यापूर्वी अध्यापकाने त्यातील मार्ग कोणी लिहिला व कोणी वाचला, एवढे तपासले तरी पुष्कळ अन्याय टळेल.