माळ घालण्याआधी

अखंड हरिनाम सप्ताहाचा शेवटचा दिवस. काल्याचं कीर्तन आटोपलेलं असतं, पंगती बसायच्या असतात. त्या मधल्या वेळात दोन-चार जण महाराजांसमोर येऊन बसतात. ज्ञानेश्वरीच्या पोथीवर तुळशीच्या नव्या माळा ठेवलेल्या असतात. महाराज एकेकाला पथ्यं सांगतात, समोरचा मान हलवतो, ‘पुंडलिक वरदे’चा गजर होतो आणि माळ गळ्यात पडते. पाच मिनिटांचं काम. जळगाव-धुळ्याकडच्या गावांत माणूस वारकरी होतो तो बहुतेक असा. अर्ज नाही, वर्गणी नाही, कानात सांगायचा गुप्त मंत्रही नाही. ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र तर आधीच सगळ्या गावाला पाठ असतो.

पथ्यं मोजकी आहेत. मांस-मद्य सोडायचं, खोटं बोलायचं नाही, परस्त्री मातेसमान मानायची, एकादशी धरायची, रोज हरिपाठ म्हणायचा आणि वर्षातून एकदा तरी, आषाढीला किंवा कार्तिकीला, पंढरपूर गाठायचं. काही फड, म्हणजे वारकऱ्यांचे परंपरागत गट, याहून कडक असतात. घरदार सोडायला मात्र कुणी सांगत नाही. महानुभाव पंथात गृहस्थाचा उपदेश वेगळा आणि संन्यासदीक्षा वेगळी. वारकऱ्याने मात्र केळीला पाणी भरत, मुलीचं लग्न करत, सोसायटीचं कर्ज फेडतच माळकरी राहायचं. मला विचाराल तर हे संन्यासाहून अवघड आहे.

माळेत 108 मणी आणि एक मेरुमणी. पंढरपुरात काशीकापडी समाजातले कारागीर तुळशीच्या काड्यांपासून हे मणी घडवतात. गळ्यातली माळ जपाची नव्हे. ती आंघोळीला, शेतात, झोपेतही गळ्यातच असते. दोरा तुटला तर माळ पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत अन्न घ्यायचं नाही, असं जुने माळकरी पाळतात. कपाशीच्या सरीत माळ तुटलेला म्हातारा सोडलेली शिदोरी बाजूला सारतो आणि ढेकळांतून मणी वेचत बसतो. सुई-दोरा सापडेपर्यंत भाकरी फडक्यातच राहते.

प्रवेश इतका सोपा, मग चाळण कुठे लागते? ती पुढे लागते, आणि लावतं गाव. पंथ कुणाची तपासणी करत नाही, पण माळ घातलेला माणूस धाब्यावर दिसला की दुसऱ्या दिवशी पारावर तोच विषय. ‘त्यानं माळ घातली’ याचा गावातला पहिला अर्थ ‘त्यानं दारू सोडली’ असाच होतो. त्यामुळे कित्येक घरांत माळेचा आग्रह बायको धरते. काही जण वर्षाच्या आत माळ उतरवून देवापुढे ठेवतात. त्यांना कुणी दंड करत नाही, फक्त माळेचा विषय पुन्हा निघत नाही. जेवणाच्या बाबतीत खानदेश तसा सोयीचा आहे. लग्नात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, हिवाळ्यात भरीत. वांगं आणि कांदा-लसूण चातुर्मासात वर्ज्य, पण चंपाषष्ठी झाली की भरिताच्या पंगतीला माळकरी सगळ्यांत पुढे.

दिंडीची शिस्त मात्र वेगळी. इकडची दिंडी चालते ती संत मुक्ताबाईंच्या पालखीबरोबर. त्या 1297 मध्ये तापीकाठच्या मेहूण इथे अंतर्धान पावल्या, अशी परंपरा आहे. त्यांची पालखी मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून निघते आणि बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे ओलांडत महिन्याहून अधिक चालते. आषाढीच्या पालख्यांत हा पल्ला लांबचा गणला जातो. दिंडीत नवख्याने जेवणा-मुक्कामाची भिशी भरायची आणि मागच्या रांगेत चालायचं. सकाळी कुठले अभंग, दुपारी कुठले, हरिपाठ केव्हा, पावली कशी, हे कुणी शिकवत नाही. मागे राहून कानावर पडतं तेवढंच. टाळ हातात येतो तो पाठांतर पाहून, वीणा त्याहून उशिरा. वीणा जमिनीला टेकवायची नसते, एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, म्हणून विणेकरी निवडताना दिंडीमालक माणूस नीट पारखतो. नवखा असो की पंचवीस वर्षांचा वारकरी, दोघे भेटले की एकमेकांच्या पाया पडतात आणि दोघांनाही ‘माउली’च म्हटलं जातं. ज्याला कीर्तन-प्रवचनच शिकायचं आहे त्याची वाट आळंदीला जाते. तिथे जोग महाराजांनी 1917 मध्ये काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेचा अभ्यास चार वर्षांचा आहे.

जात विचारत नाही, हा पंथाचा अभिमान खरा, पण पुरता खरा नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांची समाधी पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वाराबाहेर आहे, आणि गळ्यात माळ असलेल्या दलित वारकऱ्याला विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकता यायला 1947 उजाडलं. त्यासाठी 1 ते 10 मे असं उपोषण केलं साने गुरुजींनी. हे गुरुजी अमळनेरच्या शाळेत 1924 ते 1930 शिकवत होते, आणि अमळनेर म्हणजे सखाराम महाराजांचं गाव, खानदेशाचं प्रतिपंढरपूर. माळ देताना पथ्यं सांगणाऱ्या महाराजांनी ही गोष्टही सांगायला हवी. फार थोडे सांगतात.

माळ घालायचं मनात असेल तर घाई करू नका. पालखीबरोबर चालायला माळ लागत नाही. कोथळीहून पालखी ज्येष्ठात निघते. एक वर्ष भिशी भरून मागच्या रांगेत चाला, चार एकादश्या करून पाहा, आणि मग महाराजांसमोर बसा.