एका दिवसात मांडवगड

भोपाळची चार इमली ही वसाहत सरकारी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांसाठी ओळखली जाते. तेथून मांडवगड, म्हणजे आजचे मांडू, रस्त्याने जवळजवळ तीनशे किलोमीटर पडते. जाऊन-येऊन सहाशे किलोमीटरांचा हा प्रवास ‘मार्गदर्शकासह एक दिवसाची सहल’ म्हणून विकला जातो आणि त्यास गिऱ्हाईकही मिळते. नुकतेच भोपाळमुक्कामी आम्ही अशाच एका सहलीत सामील झालो. पहाटे पाचला चार इमलीहून निघालेली गाडी अकराच्या सुमारास गडावर पोचली आणि तीन वाजता परत फिरली. त्यांतला एक तास दाल-बाफल्याच्या जेवणात गेला, त्याबद्दल आमची तक्रार नाही; जेवण उत्तम होते. तक्रार आहे ती उरलेल्या तीन तासांत प्रवाशांच्या पदरात काय पडले याविषयी.

पडली ती एक प्रेमकथा. बाजबहादूर गात असे, रूपमती नर्मदेच्या दर्शनाविना अन्न घेत नसे, १५६१ साली अकबराचा सरदार आधमखान चालून आला आणि राणीने विष प्राशन केले. कथा करुणरम्य आहे व ती कोणी सांगू नये असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या ‘बाजबहादूर महाला’त उभे राहून ती सांगितली गेली, तो महाल बाजबहादूर गादीवर येण्याच्या चाळीसहून अधिक वर्षे आधी, १५०८-०९ मध्ये, सुलतान नासिरुद्दीनने बांधविला असे तेथलाच शिलालेख सांगतो. रूपमतीचा मंडपही मुळात लष्करी टेहळणीची चौकी होती, असे जाणकार मानतात. होशंगशहाच्या संगमरवरी कबरीपाशी सात-आठ मिनिटे मिळाली. १६५९ साली मोगल दरबारचे स्थपती येथे मुद्दाम आले आणि आपल्या भेटीचा लेख कोरून गेले. ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमदाचा पुत्र लुत्फुल्ला त्यांत होता, तसाच जादूराय नावाचा एक हिंदूही होता. मोगलांच्या कलावंतांनी माळव्याच्या कलावंतांना दिलेली ही दाद मंडळींना दाखवायला कोणास सवड नव्हती.

आणि पाणी? या पठारावर नदी वाहत नाही. होशंगशहाने पंधराव्या शतकाच्या आरंभी धारची राजधानी येथे आणली, ती पावसाच्या पाण्याच्या भरवशावर. मुंज आणि कपूर तलावांच्या मधोमध उभ्या असलेल्या जहाज महालाच्या गच्चीवरील पाणी दगडी पन्हळींतून आणि चक्राकार वळणांच्या चरांतून, वेग मोडत व गाळ खाली टाकत, हौदात उतरते. चंपा बावडी भुयारी दालनांना गारवा पुरविते. रेवाकुंडाचे पाणी उचलून महालात नेण्याची सोय आजही ओळखू येते. पुढे १६१७ मध्ये जहांगीर येथे येऊन राहिला, तेव्हा त्याच्या छावणीतील इंग्रज वकील सर टॉमस रो पाण्याच्या टंचाईने हैराण झाला होता. राजधानी उठून जाऊन तेव्हा पाऊणशतक नव्हे, तरी अर्धशतक लोटले होते. निगा राखणारे हात गेल्यावर तलावांचे काय होते ते आमच्या मते रोच्या गाऱ्हाण्यात वाचावे. जहाज महालाच्या सावलीत छायाचित्रे काढणाऱ्या मंडळींतील बहुतेकांच्या घरी उन्हाळ्यात टँकर येत असावा. त्यांना त्या चरांजवळ पाच मिनिटे उभे केले असते तर बिघडले नसते.

गाडी धारवरून गेली, पण थांबली नाही. गाडीत निम्म्याहून अधिक मराठी कुटुंबे होती. धार हे पवारांचे संस्थान, तेथल्याच किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, आणि मांडूवरील गुलाम याझदानी यांचा गाजलेला ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध झाला तो धार दरबारच्या आश्रयाने, यातले एक अक्षरही त्यांच्या कानी पडले नाही. रस्त्याच्या कडेला ‘मांडू की इमली’ मात्र सर्वांनी घेतली. ती चिंच नव्हेच. ती आपली गोरखचिंच, आफ्रिकेतून केव्हातरी येथे येऊन रुजलेली. हे वृक्ष मुळांसकट उपटून हैदराबादेकडे नेण्याचा प्रकार अलीकडेच घडला आणि गावकऱ्यांनी त्यास विरोध केला, हेही सांगण्याजोगे होते.

मध्य प्रदेशाला नावे ठेवण्यापूर्वी आपल्या अंगणात पाहावे. पणजीहून निघालेली पर्यटकांची बस जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या दाराशी उभी राहते आणि तासाभरात मंगेशीकडे वळते. जवळच आदिलशहाच्या वाड्याचे एकटे उरलेले दार आहे. १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना ज्या सेंट पॉल विद्यालयात सुरू झाला, त्याची एक कमान आहे. तेथे बस थांबत नाही. रोगराईने हे शहर कसे ओस पडले आणि १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीकडे कसा गेला, हेही बसमध्ये क्वचितच सांगितले जाते. ज्याला हे सांगता येईल त्याला सांगण्यास वेळ नसतो, आणि ज्याला वेळ असतो त्याला ते कोणी शिकविलेले नसते.

पर्यटन खात्यांनी मार्गदर्शकास परवाना देताना त्या त्या स्थळाच्या शिलालेखांची परीक्षा घ्यावी आणि सहलीच्या पत्रकावर प्रत्यक्ष स्थळी मिळणारे तास ठळक छापण्याची सक्ती करावी. मांडूची सहल मुक्कामाखेरीज विकूच देऊ नये. निदान पावसाळ्यात तरी. कारण जहाज महालाच्या पन्हळींतून पाणी उतरताना दिसते ते तेव्हाच, आणि ते पाहायचे तर पाऊस येईपर्यंत थांबावे लागते.