बारगीर, धुरकरी आणि कृष्णवर्णीय जॉकी

मराठेशाहीच्या लष्करी परिभाषेत स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार व सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर. आर्णीकडील शंकरपटात बैलजोडी हाकणाऱ्यास ‘धुरकरी’ म्हणतात. ‘धुर्’ म्हणजे जू. पहिल्या शब्दद्वयात जनावराची मालकी व्यक्त होते, दुसऱ्या शब्दात काम. ‘जॉक’ या सामान्य नावापासून झालेला इंग्रजी ‘जॉकी’ हा शब्द मात्र दोहोंविषयी मूक आहे.

या मौनाआड मोठा इतिहास दडला आहे. अमेरिकेत गुलामगिरीच्या काळी शर्यतीचा कृष्णवर्णीय स्वार बहुधा घोड्याप्रमाणेच धन्याची मत्ता असे. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. १८७५ च्या पहिल्या केंटकी डर्बीतील १५ स्वारांपैकी १३ कृष्णवर्णीय होते. पुढे आयझॅक मर्फी याने ती शर्यत तीनदा जिंकली. तथापि वर्णद्वेषाने या स्वारांना मैदानाबाहेर लोटले. १९०२ मधील जिमी विंकफील्ड याच्यानंतर तेथे कृष्णवर्णीय अमेरिकी स्वार विजयी झालेला नाही.

कॅरिबियन बेटांतील आफ्रिकी वंशाच्या स्वारांनी अन्यत्र कीर्ती मिळविली. बार्बाडोसच्या पॅट्रिक हज्बंड्स याने २००३ मध्ये ‘वाँडो’ या घोड्यावर कॅनडातील तिन्ही मानाच्या शर्यती जिंकल्या.

बारगिराजवळ घोडा नव्हता, परंतु तो स्वतः कोणाच्या मालकीचा नव्हता. ‘जॉकी’ या एकाच शब्दात मात्र गुलाम आणि विजेता दोघेही सामावले. म्हणून व्यवसायवाचक शब्दाचा अर्थ पाहताना धनी कोण, हेही पाहणे आवश्यक ठरते.