नीरेचा कालवा कुणासाठी?

नीरेचा डावा कालवा १८७६-७७ च्या दुष्काळानंतर काढला गेला, तो ज्वारी-बाजरी वाचवण्यासाठी. पण चार सरी बऱ्या पडल्या की विकतचं पाणी ज्वारीला कोण घेणार? पाणीपट्टीचा हिशेब बसेना. वर्षभर पाणी मागणारं आणि त्याचे पैसेही देणारं पीक म्हणजे ऊस. सासवडचे माळी उसाची विद्या घेऊन कालव्यावर उतरले. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला, त्याचं वालचंदनगर झालं. दुष्काळासाठी अडवलेलं पाणी साखरेचं झालं. आता ते पेट्रोलच्या टाकीकडे निघालं आहे.

पेट्रोलमध्ये मिसळायचं अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, पूर्वी साखर काढून उरलेल्या मळीपासून व्हायचं. त्यात कुणाच्या तोंडचा घास जात नव्हता. २०१८ च्या जैवइंधन धोरणानं बी-हेवी मळी (जिच्यात बरीच साखर शिल्लक असते ती) आणि थेट उसाचा रसही वापरायला मुभा दिली. टनभर उसाच्या रसातून साधारण ७० लिटर इथेनॉल निघतं, साखर मात्र शून्य. कारखान्यांनी कर्जं काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या. मग पावसानं दगा दिला आणि ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, केंद्रानं रसापासूनचं इथेनॉल बंद केलं. आठवड्याभरात बंदी सैल करून १७ लाख टन साखरेची मर्यादा घातली. पुढच्या हंगामाला तीही उठवली.

साखरेवरून गाजावाजा फार झाला. पण चहा थोडा अगोड झाला म्हणून कुणी उपाशी राहत नाही. खरी झळ मक्याला लागली. उसावर मर्यादा आली तशी २०२३-२४ मध्ये उसापेक्षा मक्यापासून जास्त इथेनॉल बनलं आणि एरवी मका निर्यात करणाऱ्या देशाला तो म्यानमार, युक्रेनहून आणावा लागला. बारामती-इंदापुरात मका म्हणजे कोंबड्यांचं खाद्य आणि गाईंचा मुरघास. पर्यायानं अंडी आणि दूध. उलट मक्याच्या डिस्टिलरीतून निघणारा प्रथिनयुक्त चोथा, डीडीजीएस, पशुखाद्यात स्वस्त पडतो. त्यानं सोयापेंडीची मागणी खाल्ली. सोयाबीनचे भाव पडण्यामागे तेही एक कारण आहे. म्हणजे मका पिकवणारा खूश, सोयाबीनवाला कपाळाला हात लावून.

आणि पाणी? साखरेपासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, हा आकडा खुद्द नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातला. वरच्या अंगाला खोडव्याची पाळी भरून निघते आणि कालव्याच्या शेपटाकडची गावं आवर्तनाची वाट पाहत बसतात.

कमी पाण्यात इथेनॉल देणारं पीक मात्र जवळच आहे. नीरेपलीकडे फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेनं फार पूर्वीच गोड ज्वारीवर काम सुरू केलं. 'मधुरा' हे त्यांचं वाण. कणसातले दाणे भाकरीला, धाटांचा रस अल्कोहोलला, चोथा जनावरांना. पीक सुमारे चार महिन्यांचं, पाणी उसाच्या मानानं कितीतरी कमी. अडचणीही आहेत: रस लवकर आंबतो, कापणीचे दिवस मोजके, त्यामुळे गाळप ताबडतोब व्हावं लागतं. पण मोठी अडचण हिशेबाची आहे. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव आहे, गोड ज्वारीला नाही. सोसायटीचं पीककर्ज डोक्यावर असलेला शेतकरी ऊसच लावणार.